दुखण्यातून उठलेल्या मुलाचे कान

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह. या जंतुजन्य दुखण्यातून बरे होऊन शाळेत परतलेले एखादे मूल हाकेस ओ देत नाही, शुद्धलेखनात शब्द गाळते, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते. त्यास हट्टी वा मंद ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या कानांचा विचार करावा.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी पोकळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातील रोमपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेश करतात व श्रवणतंतू ते मेंदूस पोचवितात. दाहाने नष्ट झालेल्या रोमपेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. साधे श्रवणयंत्र आवाज केवळ मोठा करते. तीव्र बहिरेपणात ते पुरे पडत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटची रीत निराळी आहे. कानामागील यंत्र ध्वनी टिपते, त्वचेखालील भागास संकेत पाठविते आणि कॉक्लियात बसविलेली बारीक तार श्रवणतंतूस थेट चेतना देते.

परंतु येथे विलंब घातक ठरतो. या दुखण्यानंतर काही आठवड्यांतच ती पोकळी हाडाने भरू लागण्याचा संभव असतो. मग तार आत घालणे कठीण होते. म्हणून अशा प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी त्वरित करविण्याविषयी पालकांस सांगावे व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास कळवावे.

शस्त्रक्रियेनंतरही ऐकण्याचा व बोलण्याचा दीर्घ सराव लागतो. त्या काळात मुलास पुढे बसवावे, आणि फळ्याकडे तोंड करून नव्हे, तर त्याच्याकडे पाहून बोलावे.