खोकून हार्ट ॲटॅक थांबत नाही

मागच्या थंडीत पहाटे सहाच्या सुमारास दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. आत आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी, घामाने ओलेचिंब. छातीत कळ रात्री तीनपासून.

"मग तीन तास काय केलंत, गुरुजी?"

"दीर्घ श्वास घेऊन खोकत होतो, डॉक्टर. मोबाईलवर आलं होतं ना, अगदी तसंच."

ईसीजीत हार्ट ॲटॅक स्पष्ट दिसत होता. ॲस्पिरीनची गोळी चावायला देऊन १०८ च्या गाडीने त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवले. प्राण वाचले, पण त्या तीन तासांत हृदयाचा जो स्नायू निकामी झाला, तो परत येत नाही. आज जिना चढताना गुरुजींना मध्येच थांबावे लागते.

'एकटे असताना हार्ट ॲटॅक आला तर जोरजोरात खोका' हा संदेश कित्येक वर्षे फिरतो आहे. त्यात सत्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच तो अधिक घातक. इस्पितळात मॉनिटर लावलेल्या रुग्णाच्या हृदयाची लय एकाएकी बिघडली, तर डॉक्टर क्वचित त्याला खोकायला सांगतात. त्याने काही क्षण मेंदूला रक्त मिळत राहते. हार्ट ॲटॅकमध्ये मात्र रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. ती खोकून सुटत नाही.

गुरुजींना हा संदेश पाठवला होता त्यांच्या जावयाने, निव्वळ काळजीपोटी. तेव्हा पाठवणारा भला आहे, एवढ्यावरून मजकूर खरा ठरत नाही.

मग खरेखोटे ओळखायला शिकता येते का? येते, पण एका बैठकीत नाही. बिहारमध्ये २०१९ साली लोकांना तासभर हे शिकवून पाहिले. फारसा उपयोग झाला नाही. पुढे तेथेच आठवी ते बारावीच्या मुलांसाठी एक संपूर्ण सत्र वर्ग घेण्यात आले. चार महिन्यांनंतरही ती मुले इतर मुलांपेक्षा खरेखोटे चांगले ओळखत होती. विशेष म्हणजे, त्यांच्या आईवडिलांमध्येही फरक दिसला. दात घासण्यासारखीच ही सवय आहे. ती रोज करावी लागते आणि घरात एकाने लावून घेतली की दुसऱ्यालाही लागते.

वाचकहो, आरोग्याचा संदेश आला की तीन गोष्टी पाहा. व्हॉट्सॲपवर मजकुराच्या वर दोन बाण आहेत का? असल्यास तो अनेक हातांतून फिरून आला आहे. मूळ कोणाचा, हे कळणे कठीण. 'ताबडतोब सर्वांना पाठवा' असा आग्रह आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, तो चालू औषध बंद करायला किंवा डॉक्टरांकडे जाणे लांबवायला सांगतो का? तसे असेल तर तो तेथेच थांबवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसली तर मोबाईल एकाच कामासाठी हातात घ्या: १०८ ला फोन करायला.

परवा गुरुजींचा फोन आला. "डॉक्टर, मधुमेह कायमचा घालवणारा काढा आलाय. दोन बाण आहेत. पुढे पाठवला नाही."

गुरुजी चौसष्टाव्या वर्षी शिकले. आपल्यालाही जमेल.