सरड्याचें कुंपण

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपल्याकडे मुलांच्याहि तोंडीं असते. म्हणीचा रोख सरड्याच्या दुबळेपणावर आहे; परंतु जो सरडा माणसानें हौसेनें घरांत आणून ठेविला, त्याचें कुंपण केवढें व कसें असावें हा प्रश्न सरड्याचा राहत नाहीं, तो घरच्या मंडळींचा होतो. अमेरिकेंत व युरोपांत ‘शॅमेलिऑन’ जातीचे सरडे पाळण्याची हौस आतां चांगलीच रूढ झाली आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या घरीं नातवंडांनीं असा हट्ट धरला, तर त्यांत नवल वाटूं नये. पुढील मजकूर मुख्यतः त्यांच्याचसाठीं आहे. इकडील हौशी वाचकांनीं मात्र हें ध्यानांत ठेवावें, कीं आपल्या रानांतील शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानें संरक्षित असून त्याला पकडून घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. तो पाहावयाचा तर झाडावरच पाहावा.

परदेशांत पुष्कळ घरीं आढळणारा प्रकार म्हणजे येमेन व सौदी अरबस्थानाचा नैर्ऋत्य भाग येथील ‘व्हेल्ड शॅमेलिऑन’. डोक्यावर उंच शिरस्त्राण, पायांचीं बोटें चिमट्याप्रमाणें दोन-तीन अशीं विभागलेलीं, दोन्ही डोळे एकमेकांची पर्वा न करितां फिरणारे, आणि जीभ शरीराहूनहि लांब! नर शेपटीसकट दीड ते दोन फूट भरतो. ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग हा प्राणी घेतो, अशी समजूत सर्वत्र आहे; ती खरी नाहीं. जिनीव्हा विश्वविद्यालयांतील संशोधकांनीं २०१५ सालीं, मादागास्करच्या ‘पँथर शॅमेलिऑन’ ह्या जातीचा अभ्यास करून, असें दाखविलें कीं कातडीच्या पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात व त्यांतील अंतर कमीजास्त होतांच परावर्तित होणारा रंग पालटतो. हा पालट थंडी, ऊन, भय, प्रतिस्पर्ध्याचें दर्शन अशा कारणांनीं घडतो. पाळणाऱ्याच्या दृष्टीनें सरड्याची कातडी म्हणजे त्याची तक्रारवहीच होय. तो दिवसभर काळवंडलेला राहूं लागला, कीं सरडा नव्हे, पिंजरा तपासावयास घ्यावा.

पहिली फसगत दुकानांतच होते. विकणारा एक लहानशी, चौफेर काचेची सुबक पेटी पुढें करितो, आणि दिवाणखान्यांत ती शोभून दिसेल म्हणून आपणहि ती उचलतों. ह्या जातीच्या वाढलेल्या नराला २ फूट लांब, २ फूट रुंद व ४ फूट उंच एवढी जागा हवी, आणि तींतहि उंचीचें महत्त्व विशेष. कारण हा झाडावरचा जीव आहे. काचेंत त्याला स्वतःचें प्रतिबिंब दिसतें आणि तो त्याला दुसरा नर समजून व्यर्थ संतापतो. हे सरडे एकएकटे राहणारे. एका पिंजऱ्यांत दोन ठेवूं नयेत, मग ती नर-मादीची जोडी कां असेना. जाळीच्या पिंजऱ्यांत हवा खेळती राहते. थंड, कोरड्या मुलुखांत दोनतीन बाजू बंद ठेवणें सोयीचें पडतें. तेथें खालीं एक व वर एक अशी झरोक्यांची योजना असली, म्हणजे वरच्या दिव्यानें तापलेली हवा वर निघून जाते व खालून ताजी आंत येते.

पिंजरा जमिनीवर ठेवूं नये. उंच चौरंगावर किंवा कपाटावर असा ठेवावा कीं सरड्याची बसावयाची फांदी आपल्या डोळ्यांहून वर येईल. वरून येणारा हात म्हणजे घारीची झडप, हें त्याच्या हाडींमासीं खिळलेलें असतें. आंत निरनिराळ्या जाडीच्या फांद्या आडव्या-तिरप्या बांधाव्या आणि खऱ्या झाडांची दाटी करावी. जास्वंद ह्या कामीं उत्तम. हा सरडा तिचीं पानें-फुलें खातोहि, म्हणून कुंडी आणल्यावर औषधाची फवारणी नीट धुवून काढावी. दाटी इतकी असावी कीं मनांत येईल तेव्हां त्याला साफ दडतां यावें. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं आणलेला प्राणी मग दिसणारच नाहीं, अशी कुरकुर घरांत होईल. होवो बापडी! ज्याला दडतां येतें, तोच निर्भयपणें बाहेर येऊन बसतो.

उजेडाची बाब अधिक नाजूक आहे. एक दिवा उष्णतेचा. त्याखालच्या फांदीवर सुमारें ८५ अंश फॅरनहाइट उष्णता असावी व खालचा भाग थंड राहावा. मापक फांदीवरच ठेवून मोजावें, अंदाजानें चालूं नये. दिवा फार जवळ आला तर शिरस्त्राण भाजतें. दुसरा दिवा जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांचा. ह्या किरणांवांचून शरीरांत ड जीवनसत्त्व तयार होत नाहीं, मग खाण्यांतलें कॅल्शियम वायां जातें आणि हाडें मऊ पडून वांकतात. ‘आमच्या खिडकींत ऊन येतें कीं’ असें कोणी म्हणतील. पण हे किरण खिडकीच्या काचेंतून पार होत नाहींत. शिवाय दिवा दिसावयास झगझगीत राहिला, तरी त्याची ही शक्ति साधारण वर्षभरांत ओसरते. टेक्सासमधील गॅरी फर्ग्युसन व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं पँथर शॅमेलिऑनवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असें आढळलें, कीं ज्यांच्या अन्नांत हें जीवनसत्त्व कमी, ते सरडे आपण होऊन ह्या किरणांत अधिक बसत, व ज्यांना तें पुरेसें मिळे ते कमी. किती ऊन घ्यावें हें त्या प्राण्यास कळतें. आपण फक्त ऊन आणि सावली दोन्ही त्याच्या आटोक्यांत ठेवावयाचीं.

पाण्याची वाटी ठेवून निश्चिंत होऊं नये. हा सरडा सहसा सांठलेलें पाणी पीत नाहीं. पानांवरचे थेंब चाटतो. सकाळीं दिवे लागण्यापूर्वीं व सायंकाळीं पानांवर बारीक तुषार मारावे, दुपारीं पिंजरा सुकूं द्यावा. दिवसाच्या उष्ण व कोंदट ओलाव्यानें छातीचे विकार होतात. रात्र थंड असूं द्यावी. उरलेले रातकिडे मात्र रात्रीं आंत मोकळे सोडूं नयेत. ते झोपलेल्या सरड्यासच चावतात.

आतां मादीविषयीं. ह्याबद्दल विकणारा बहुधा चकार शब्द काढीत नाहीं, आणि जीव जातात ते येथेंच. नराची गांठ न पडतांहि ही मादी अंडीं धरते. एका वेळीं वीस-तीस, कधीं साठांहूनहि अधिक. जमीन उकरून पुरण्याजोगी जागा मिळाली नाहीं, तर ती अंडीं पोटांतच अडवून धरते व त्यांतच तिचा अंत होतो. म्हणून पिंजऱ्याच्या तळाशीं ओलसर वाळूचें, निदान फूटभर खोल घमेलें कायम असावें. वाळू इतकी दमट, कीं उकरलेलें भुयार ढांसळूं नये. मादीला नरापेक्षां उष्णता थोडी कमी द्यावी व वाढ पुरी झाल्यावर खाणें आटोपशीर ठेवावें. त्यानें अंड्यांची संख्या घटते. ती अस्वस्थपणें खालीं फिरूं लागली, वाळू उकरूं लागली, कीं पिंजऱ्यावर कापड टाकावें आणि मुलांना त्या खोलींत जाऊं देऊं नये. बाळंतिणीच्या खोलीवर पडदा कां असतो, हें आपल्या घरांत कोणास समजावून सांगावयास नको. कोणी पाहत आहे असें दिसलें, तर ती अर्धवट उकरलेला खळगा सोडून देते. काम आटोपल्यावर खळगा स्वतः बुजवून ती वर चढेल. तेव्हां बराच वेळ तुषार मारून तिला पोटभर पाणी पिऊं द्यावें, आणि पुढील कांहीं दिवस कॅल्शियमची पूड लावलेले किडे भरपूर घालावे.