झडप बदलली, पुढे काय?

एखाद्या गरीब घरच्या मुलाच्या हृदयावर अवघड शस्त्रक्रिया होते, मूल बरे होऊन घरी परतते आणि डॉक्टरांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या मुलाचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते. वाचकांनाही समाधान वाटते. त्यांच्यापैकी कित्येकांनी त्या मुलासाठी पदरचे शे-दोनशे रुपये पाठविलेले असतात. या समाधानात कोणी मिठाचा खडा टाकावा असे नाही. परंतु महारोहिणीची झडप बदललेल्या मुलाची शस्त्रक्रिया खरोखर कितपत यशस्वी झाली, याचे उत्तर त्या छायाचित्रात नसते. ते दहा वर्षांनी मिळते, वीस वर्षांनी मिळते. आणि तेव्हा ते विचारावयास कोणी उरलेले नसते.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त ज्या मोठ्या वाहिनीने शरीरभर जाते ती महारोहिणी. तिच्या मुखाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते आणि ती दिवसाकाठी सुमारे लाख वेळा उघडते व मिटते. शंभरांत एक-दोन माणसांच्या झडपेला जन्मतःच दोन पाकळ्या असतात. त्यांतील बहुतेकांना उतारवयापर्यंत त्याचा पत्ताही नसतो. थोड्यांची झडप मात्र बालपणीच अरुंद होते किंवा गळू लागते. आपल्या देशात याला दुसरेही एक कारण आहे. घसा दुखण्याचे साधे निमित्त होऊन मुलाला संधिज्वर, म्हणजेच ऱ्हुमॅटिक ताप, येतो. सांधेदुखी काही दिवसांत निघून जाते, पण हृदयाच्या झडपांवर झालेला घाव राहतो.

निष्णात शल्यविशारद होता होईल तो लहान मुलाची झडप बदलीत नाहीत. फुग्याच्या साहाय्याने ती रुंद करता येते, कधी पाकळ्या सांधता येतात. हे उपाय थकले म्हणजे मग बदलण्याचा विचार, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. मूल वाढते, झडप वाढत नाही. सहाव्या वर्षी बसविलेली झडप सोळाव्या वर्षी तोकडी पडते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. जनावरांच्या ऊतींपासून केलेली झडप वृद्धाच्या हृदयात पुष्कळ वर्षे चालते. मुलाच्या शरीरात तीवर चुन्याचे थर लवकर चढतात आणि थोड्याच वर्षांत ती निकामी होते. धातू व कार्बन यांची यांत्रिक झडप टिकाऊ खरी. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आणि १९९०च्या डिसेंबरात प्रथम वापरलेली भारतीय झडप आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांच्या हृदयात बसविण्यात आली आहे, आणि परदेशी झडप ज्यांच्या आवाक्याबाहेर होती त्यांना तिने जीवदान दिले आहे. तथापि यांत्रिक झडपेवर रक्त साकळते. म्हणून ते साकळू न देणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

ही 'जन्मभर' गोळी कागदावर एका ओळीत मावते. घरात ती कशी मावते, ते पाहावे. रक्त साकळण्याचे प्रमाण आय. एन. आर. नावाच्या आकड्याने मोजतात आणि महारोहिणीच्या झडपेसाठी तो साधारणतः २ ते ३ यांच्या दरम्यान राखावा लागतो. खाली घसरला तर झडप अडकण्याची वा मेंदूत गुठळी जाण्याची भीती. वर चढला तर रक्तस्राव. आणि हा आकडा पानात काय वाढले आहे त्यावरही हलतो! हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या गोळीचा प्रभाव कमी करते. आषाढ-श्रावणात आमच्याकडे टायकिळा, तेरे, तांबडी भाजी यांची रेलचेल असते. पुढे चतुर्थी उलटली की पान पुन्हा बदलते. भाजी वर्ज्य नाही, प्रमाण मात्र बारमास सारखे हवे, ही गोष्ट आईला कोणीतरी समजावून सांगितलेली असावी लागते. तापावर वा अंगदुखीवर दुकानातून सहज आणलेली गोळीही घात करू शकते. किडलेल्या दातातून रक्तात शिरलेले जंतू झडपेवर घर करतात, म्हणून दात सांभाळायचे. आणि ज्या गोव्यात पोर चालू लागले की चेंडूला लाथ मारते, तेथे या मुलाला फुटबॉलच्या मैदानाबाहेर बसवावे लागते.

मुलगी असेल तर प्रश्न अधिक बिकट. रक्त पातळ राखणाऱ्या वॉरफरीनसारख्या गोळीने गर्भाला अपाय होण्याचा धोका असतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. आणि ती बंद करावी तर आईच्या जिवावर बेतते. आठ वर्षांच्या मुलीसाठी झडप निवडताना तिच्या पंचविशीचा विचार करावा लागतो तो यामुळेच. हा विचार शस्त्रक्रियेपूर्वी आईबापांपुढे मांडला जावा, असा आमचा आग्रह आहे.

लंडनचे शल्यविशारद डोनाल्ड रॉस यांनी १९६७ साली या कोंडीतून एक वाट काढली. रुग्णाचीच फुप्फुसाकडे जाणारी झडप काढून ती महारोहिणीच्या जागी बसवायची आणि तिच्या जागी मृत दात्याची. आपल्याच देहाची असल्याने ती मुलाबरोबर वाढते, गोळीही लागत नाही. ब्रिटनमध्ये २००० ते २०१२ या काळात झडप बदललेल्या १,५०१ मुलांचा व तरुणांचा मागोवा घेण्यात आला, तेव्हा बारा वर्षांनंतर ९४.६ टक्के रुग्ण हयात असल्याचे आढळले, आणि रॉस पद्धतीच्या रुग्णांचेच आयुर्मान सर्वसामान्य लोकांच्या जवळपास पोहोचले. मात्र वय जितके कोवळे तितका धोका अधिक, हेही त्याच पाहणीत दिसले. शिवाय एका झडपेचा आजार दोन झडपांवर जातो आणि दात्याची झडप कधी ना कधी बदलावी लागतेच.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावणे मात्र शहाणपणाचे नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शल्यविशारदांनी १९९९ मध्येच दाखवून दिले होते की, संधिज्वराने झडप बिघडलेल्या तरुण रुग्णांत स्थलांतरित झडपेलाही तोच रोग गाठू शकतो. दात्यांच्या झडपाही आपल्याकडे दुर्मिळ. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २०२२ साली एका नवजात बालकाला दात्याच्या हृदयातील जिवंत झडपा बसविण्यात आल्या आणि त्या बालकाबरोबर वाढत असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढणारी झडप मिळण्याची आशा त्यातून निर्माण झाली आहे. पण तितक्या लहान बालकाचे अवयवदान आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे या दोन्ही अटी सोप्या नव्हेत.

म्हणून आज आपल्या हाती जे आहे ते म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची देखरेख, आणि नेमकी तीच सर्वांत दुबळी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे शाळा-अंगणवाडीतील कित्येक मुलांचे हृदयदोष वेळीच सापडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्या कार्यक्रमाचे छत्र अठराव्या वर्षी संपते. २०१८ साली आलेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे आश्वासन देते, पण रुग्णालय सोडल्यानंतरचा तिचा भार पंधरा दिवसांपुरता आहे. झडप जन्माची, आणि औषध पंधरा दिवसांचे! संधिज्वर झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते स्वस्त असूनही त्यात खंड पडतो आणि वाचलेल्या झडपाही जातात. शस्त्रक्रियेसाठी लाखो मंजूर करणाऱ्या सरकारला हे इंजेक्शन परवडत नाही, असे कोण म्हणेल?

आय. एन. आर.ची तपासणी आता बोटाच्या एका थेंबावर, लहानशा यंत्राने, काही मिनिटांत होते. ती प्राथमिक आरोग्यकेंद्रात विनामूल्य व्हावी. काणकोणच्या मजुराने त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून बांबोळीची वाट धरावी, असे काही तिच्यात नाही. दुसरी निकड नोंदीची आहे. दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्ण बांबोळीला येतात, गोव्याचे रुग्ण बेळगाव, मुंबई, बंगळूर येथे जातात. शस्त्रक्रियेचे कागद एका राज्यात आणि मूल दुसऱ्यात, अशी गत होते. कोणती झडप, किती मापाची, आकडा कोठवर राखायचा, इंजेक्शनची तारीख कोणती, एवढे सांगणारी मराठीतील एक पुस्तिका मुलाच्या हाती असावी आणि तिची प्रत गावच्या आरोग्यकेंद्रात. अठरा पूर्ण होताच ते नाव मुलांच्या वहीतून प्रौढांच्या वहीत जावे आणि ते गेले की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणा एका अधिकाऱ्यावर असावी. आरोग्यखात्याच्या येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद दिसते का, इकडे आमचे लक्ष राहील.