थंडी आणि सर्पांचा संसार

पौषांत निफाडास पारा कित्येकदां पांच अंशांखालीं उतरतो. द्राक्षमळ्यांत शेकोट्या पेटवून घड जपावे लागतात. अशाच एका पहाटे आमच्या सरपणांत एक बिनविषारी धामण निश्चल पडलेली आढळली. तिला चुलीपाशीं न्यावें, असा मुलांनीं हट्ट धरला. आम्हीं तो मोडला.

थंडी ही सर्पास शिक्षा नव्हे. अमेरिकेंत 'कॉर्न स्नेक' जातीचे साप पाळून त्यांची पैदास करणारे पुष्कळ लोक हिवाळ्यांत त्यांस मुद्दाम दोन-तीन महिने सुमारें १० ते १३ अंशांत ठेवितात. तत्पूर्वीं दोन आठवडे कडकडीत उपास. कारण गारठ्यानें पचन थांबून पोटांतलें भक्ष्य सडतें. पुढें ऊब परतली, म्हणजे जोडीं जमतात. आपल्याकडील अजगराचें मीलनही डिसेंबर ते फेब्रुवारींतच होतें. मग मादी अंड्यांभोवतीं वेटोळें घालून, अंग थरथरवून त्यांस ऊब देते. अशा मातेस आपण निष्ठुर म्हणतों!

धामण खोक्यांत पाळूं, हा मुलांचा दुसरा हट्ट. पण देशी साप घरीं बाळगणें १९७२ च्या वन्यजीव कायद्याविरुद्ध आहे. उन्हें चढल्यावर ती हलली व पुन्हां ढिगांतच शिरली. होळीपर्यंत तो कोपरा आम्हीं उपसला नाहीं.