आधी व्यसन सोड, मग गोळ्या?

गर्द ओढणारा, दारूत बुडालेला किंवा एमडीच्या (मेफेड्रोनच्या) नादी लागलेला माणूस तुरुंगात जातो, तिथे त्याला टीबी निघतो आणि बाहेरच्यांचा निकाल लगेच लागतो: स्वतःच्या हाताने ओढवून घेतले. हा निकाल घरच्यांच्या तोंडी असतो, शेजाऱ्यांच्या तोंडी असतो, आणि कधी कधी औषध देणाऱ्याच्या मनातही असतो. त्यापायी उपचार लांबतात आणि माणसे दगावतात, म्हणून तो नीट तपासायला हवा.

‘व्यसनामुळेच टीबी झाला’ हे अर्धेच खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दारूचे व्यसन असलेल्याला टीबीचा धोका तिपटीहून अधिक असतो आणि धूम्रपान करणाऱ्याला सुमारे दीडपट. पण जंतू शरीरात शिरल्याशिवाय टीबी होत नाही, आणि जंतू येतो हवेतून. २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात तर क्षमतेच्या कितीतरी पट बंदी अंगाला अंग लावून झोपतात. एकाच्या खोकल्यातले जंतू रात्रभर त्याच हवेत फिरत राहतात. जगभरात तुरुंगातल्या माणसांमध्ये टीबीचे प्रमाण बाहेरच्यांच्या सुमारे दहापट आढळते. तंबाखूला कधी हात न लावलेला बंदीही त्याच बराकीत श्वास घेत असतो.

दुसरा समज असा, की आत नशा मिळत नाही, त्यामुळे व्यसन आपोआप सुटते. आत काहीच पोहोचत नाही असे नाही. पण क्षणभर तसे धरून चालू. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, की दोन-चार दिवसांत हात थरथरतात, भ्रम होतो, फिट येते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यूही येतो. गर्द बंद झाल्यावर घाम सुटतो, नाक वाहते, हाडे ठणकतात, जुलाब लागतात, झोप आणि भूक दोन्ही जातात. मुंबईतले गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. हे दिवस सरले म्हणजे व्यसन गेले असे नव्हे. ओढ तशीच राहते, फक्त शरीराची सहनशक्ती घटलेली असते. सुटून आलेला माणूस जुन्याच मापाने गर्द घेतो आणि जिवाला मुकतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात.

या टर्कीचा टीबीशी थेट संबंध आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. रात्री घाम, भूक नाही, वजन उतरलेले ही टीबीचीही लक्षणे आहेत. नव्याने आलेल्या गर्दुल्ल्यात ती दिसली, की ‘टर्की आहे, उतरेल’ म्हणून सोडून दिली जातात. खोकला असला तर तो बिडीचा ठरतो. त्यात गर्दसारखे अफूपासून बनलेले पदार्थ खोकलाच दाबतात. कोडीन खोकल्याच्या औषधात घालतात ते याचसाठी. म्हणजे ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का?’ या नेहमीच्या प्रश्नाला गर्द ओढणारा बंदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल आणि त्याच्या फुप्फुसात टीबी असेल. अशा माणसाची तपासणी प्रश्न विचारून संपू नये. दाखल होतानाच छातीचा एक्स-रे काढावा आणि शंका आली तर बेडका तपासावा. त्यासाठी लागणारे ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्यातल्याच कंपनीचे आहे.

सर्वांत घातक समज शीर्षकात आहे. लिव्हरचे कारण पुढे केले जाते, आणि ती काळजी खोटी नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही टीबीची तिन्ही प्रमुख औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. दारूने तो धोका वाढतो. पण त्यावर उपाय औषध रोखणे हा नाही. सुरुवातीला आणि मध्ये मध्ये रक्त तपासावे, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-६ जीवनसत्त्व द्यावे आणि रुग्णाला खुणा सांगून ठेवाव्यात: डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊ लागली तर त्याच दिवशी सांगायचे. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, तिला घाबरायचे कारण नाही. व्यसन सुटेपर्यंत थांबायचे म्हटले, तर तेवढे दिवस रोग आत पोखरत राहतो आणि बराकीत पसरतही राहतो. योग्य औषध सुरू झाल्यावर मात्र काही आठवड्यांतच संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो.

व्यसनावरही औषध असते, हे अनेकांच्या गावी नसते. गर्दच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात. तिहारमध्ये ब्युप्रेनॉर्फिनचा असा उपचार २००८ मध्ये सुरू झाला. इथे एक गाठ पडते. रिफाम्पिसिन यकृताला ही औषधे भराभर निकाली काढायला लावते. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मेथाडोनवरच्या ३० टीबी रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. रिफाम्पिसिन सुरू केल्यावर त्यांतल्या २१ जणांना टर्कीचा त्रास झाला. ब्युप्रेनॉर्फिनचेही प्रमाण असेच घसरते. तेव्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर रुग्ण तळमळू लागला, वाढीव डोस मागू लागला, तर ते नाटक समजून त्याला हुसकावणे हा अन्याय आहे. त्याच्या रक्तातले औषध खरोखरच उतरलेले असते. डोस वाढवला नाही तर तो टीबीच्या गोळ्या टाळू लागतो, आणि मग आपणच म्हणतो, व्यसनी माणूस औषध नीट घेत नाही.

‘हेच लोक गोळ्या अर्धवट सोडतात आणि औषधांना न जुमानणारा टीबी पसरवतात’ या आरोपाचे उत्तर सायबेरियातल्या तोम्स्कमधून मिळते. नव्वदच्या दशकात रशियाचे तुरुंग टीबीने भरलेले होते. पॉल फार्मर यांच्या ‘पार्टनर्स इन हेल्थ’ या संस्थेने तोम्स्कच्या तुरुंगात आणि शहरात काम उभे केले. तिथल्या रुग्णांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दारू आणि ड्रग्ज घेणाऱ्यांचे औषध चुकण्याचे प्रमाण खरोखरच जास्त होते. पण उपचार चालू असताना औषधांना दाद न देणारा टीबी झाला तो औषधे नियमित घेणाऱ्यांना, आणि त्यातही इस्पितळात दाखल झालेल्यांना अधिक. वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाचा औषधांना न जुमानणारा जंतू त्यांना लागला असावा. बंद, कोंदट जागेत माणसे एकत्र ठेवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने हा निष्कर्ष वाचायला हवा.

तोम्स्कने पुढे काय केले तेही सांगण्यासारखे आहे. औषध वारंवार चुकवणाऱ्यांसाठी परिचारिका गाडीने रुग्ण असेल तिथे जाऊ लागल्या. गोळ्यांसोबत खाण्याची पाकिटे आणि कपडे देऊ लागल्या. ज्यांच्याबद्दल आशा सोडली होती असे बहुतेक रुग्ण बरे झाले.

आपल्याकडे उपचार अनेकदा तुटतात ते जामिनाच्या दिवशी. आदेश संध्याकाळी पोहोचतो, माणूस पिशवी उचलून निघतो आणि गोळ्या दवाखान्यातच राहतात. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. कच्चा कैदी त्याआधीच सुटू शकतो किंवा दुसऱ्या तुरुंगात जाऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला २४ वा नियम याचसाठी आहे. तुरुंगातल्या आणि बाहेरच्या उपचारांत खंड पडू नये असे तो सांगतो, आणि टीबी व व्यसन ही दोन्ही नावे एकाच वाक्यात घेतो.

घरच्यांना यात बरेच करता येते. मुलाकातीत आतल्या रुग्णाचा निक्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) विचारून लिहून ठेवावा. त्या क्रमांकावर देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात उपचार पुढे चालू होतात. सुटताना निदान काही दिवसांच्या गोळ्या आणि कागद मागून घ्यावेत. टीबीसाठी १८००-११-६६६६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या मोफत हेल्पलाइन आहेत. उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारे पोषण साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे, त्यासाठी बँक खाते निक्षयशी जोडून घ्यावे. आणि तो घरी आल्यावर पुन्हा प्यायला किंवा ओढला, तरी त्या दिवशीची टीबीची गोळी त्याला द्यावीच.