‘असंच दुसरं द्या’

सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव टेबलाशी येणारा वाचक बहुधा पुस्तकाचे नाव घेऊन येत नाही. ‘काही चांगलं आलंय का?’ असे तो विचारतो, नाहीतर हातातले पुस्तक पुढे करून ‘असंच दुसरं द्या’ म्हणतो. टेबलामागचा सेवक त्यावर जे उत्तर देतो ते सौजन्य म्हणून, वेळ मिळाला तर करायचे काम मानले जाते. माझ्या मते तेच ग्रंथालयाचे मुख्य काम आहे. पुस्तके विकत घेणे, दाखलांक घालणे, कपाटात लावणे आणि नोंदवहीत देवघेव टिपणे ही सगळी त्याची पूर्वतयारी आहे.

हा विचार नवा नाही. 1876 साली अमेरिकेत मेल्विल ड्युईचे दशांश वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि पुस्तकाची कपाटातली जागा आकड्यांनी ठरू लागली. त्याच वर्षी वूस्टर गावचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातल्या वैयक्तिक संबंधांवर निबंध मांडला. ग्रंथपालाने वाचकांत मिसळावे, त्यांना नेमके काय हवे आहे ते समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे गणिताचे अध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाला त्याचे पुस्तक मिळायला हवे, तसा पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा, हा त्यांतल्या दोन सूत्रांचा आशय. वर्गीकरणात आयुष्य घालवलेल्या माणसाने ही दोन सूत्रे स्वतंत्रपणे मांडावीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुस्तक कुठे आहे ते वर्गांक सांगतो. ते कोणासाठी आहे, हे त्याला सांगता येत नाही.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ परत करणाऱ्या वाचकाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या ‘असंच’ या शब्दात निदान तीन वेगळ्या मागण्या दडलेल्या असू शकतात. त्याला महाभारत हवे असेल तर इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ द्यावे. हे पुस्तकही ‘मृत्युंजय’प्रमाणे 1967 चेच, पण त्यातला कर्ण सावंतांच्या कर्णाहून इतका वेगळा आहे की वाचक चकित होईल. पात्रे आळीपाळीने आपापली बाजू सांगतात, हे त्याला आवडले असेल तर खांडेकरांची ‘ययाति’ जवळची. तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असेच बोलतात. आणि जन्मावरून झालेल्या अवहेलनेने तो हलला असेल, तर त्याच्या हाती दया पवारांचे ‘बलुतं’ देण्याची हिंमत जाणत्या सेवकाने करावी. ही पुस्तके एका कपाटात नसतात. कादंबरी, समीक्षात्मक लेखन, आत्मकथन अशी त्यांची दालनेच निराळी. त्यांना जोडणारा धागा वाचलेल्या माणसाच्या डोक्यात असतो. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी 1989 मध्ये या कामावर अमेरिकेत पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनीही विषयापेक्षा कथनाचा वेग, पात्रे, कथानकाचा घाट आणि वातावरण यांवर भर दिला होता.

काय सुचवावे, हा प्रश्न वाचकाच्या वयामुळे आणखी नाजूक होतो. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांपासून भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपर्यंत मुलाची वाट सोपी असते. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र बालविभाग संपतो, पुढे एकदम मोठ्यांची कपाटे उभी राहतात, आणि पुष्कळ वाचक इथेच कायमचे हरवतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन किंवा मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तली नववीतली मुले हा पूल होऊ शकतात; पण ती पुस्तके मोठ्यांच्या कपाटात असल्यामुळे कोणी काढून दिल्याशिवाय मुलाच्या हाती पडत नाहीत. दुसऱ्या टोकाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या आजी असतात. त्यांच्यासाठी टाइप केवढा आणि पुस्तक हातात किती जड, हे विषयाइतकेच मोलाचे. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक ठोकताळा इथे उपयोगी पडतो : पन्नाशीपर्यंत पुस्तकाला 50 पाने द्यावीत, त्यानंतर 100 मधून आपले वय वजा करावे. सत्तरीच्या वाचकाने 30 पानांनंतर पुस्तक मिटले, तर त्यात काहीही वावगे नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की सेवकाची आवड वाचकावर लादली जाईल. धोका खरा आहे. म्हणूनच एक पुस्तक पुढे करण्याऐवजी तीन ठेवावीत आणि निवड वाचकाची असावी. बाबुराव अर्नाळकर मागणाऱ्याला नारायण धारप किंवा मतकरींच्या गूढकथा सुचवाव्यात. अभिरुचीवर प्रवचन देऊ नये. दुसरा आक्षेप संगणकाचा : ऑनलाइन दुकान आपोआप सुचवत असताना माणूस कशाला? दुकानाला मुख्यतः विकण्याजोगेच पुस्तक सुचवायचे असते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबईचे 1898 चे. अशा जुन्या संस्थांमध्ये पुनर्मुद्रण न झालेली पुस्तके भरपूर आहेत. ती सुचवण्यात कोणत्याही दुकानाचा फायदा नाही. त्यांना वाचक मिळेल तो टेबलामागच्या माणसामुळेच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेवकाकडून एवढ्या वाचनाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, राज्यात शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत; पण लहान वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकच माणूस कुलूप उघडण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंत सगळे करतो. या आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही, आणि ते शोधूही नये. मानधन वाढायलाच हवे, आणि वाचनाचा वेळ कामाच्या तासांतच धरायला हवा. ग्रंथसंख्या, सभासद आणि देवघेव मोजली जाते, तशी सुचवून दिलेल्या पुस्तकांचीही साधी नोंद ठेवता येईल. एक वही पुरेल : वाचकाने काय मागितले, काय दिले, आणि परत करताना तो काय म्हणाला. त्यात अर्धवट सोडलेली पुस्तकेही यावीत. वाचक कोणत्या पानावर थांबला आणि का, हे न रागावता विचारले, तर पुढचे पुस्तक काढायला सेवक नेमक्या कपाटाकडे वळतो.