कानामागची वाट
फोन नेहमी उजव्या कानाला लावणारा माणूस हळूहळू तो डाव्या कानाला लावू लागतो. उजव्या कानाला आवाज येतो, पण शब्द नीट कळत नाहीत. मळ असेल, वय झालं असेल, असं म्हणत वर्षं जातात. मग एमआरआयमध्ये कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेवर गाठ दिसते. ही अकूस्टिक न्यूरोमाची गाठ कर्करोगाची नसते. ती बहुधा तोल सांभाळणाऱ्या तंतूंच्या आवरणातून उगवते आणि शेजारच्या ऐकण्याच्या तंतूंना दाबते.

तोलाच्याच नसेवर गाठ, तरी माणूस गरगरून पडत कसा नाही? बऱ्याच गाठी वर्षाला जेमतेम १-२ मिलिमीटर वाढतात. तेवढ्या वेळात मेंदू त्या कानावरचा भरवसा काढून घेतो आणि दुसरा कान, डोळे, पावलं यांच्यावर भागवतो. आपल्याला न विचारता!

खरी अडचण जागेची. सेंटिमीटरभर लांबीच्या हाडाच्या बोगद्यात आठव्या नसेला लागूनच चेहरा हलवणारी सातवी नस असते. गाठ फुगली की ही नस कांद्याच्या पापुद्र्यासारखी गाठीवर ताणली जाते.

शंभरेक वर्षांपूर्वी सर्जन ही गाठ बोटानं उकरून काढत, आणि बहुतेक रुग्ण दगावत. अमेरिकेतल्या हार्वी कुशिंगनं गाठ आतून पोखरून कवच तसंच ठेवायला सुरुवात केली. १९१७ साली त्यावर ग्रंथच लिहिला. मृत्यू घटले, पण उरलेली गाठ पुन्हा वाढे. त्याचा शिष्य वॉल्टर डँडी कवचही काढू लागला, त्यात चेहऱ्याची नस अनेकदा जाई. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊसनं सूक्ष्मदर्शक आणि ड्रिल घेऊन कानामागच्या हाडातून, थेट अंतर्कर्ण कोरत वाट काढली. हा गृहस्थ आधी दंतवैद्यक शिकलेला. ड्रिलची सवय तिथलीच असावी. या वाटेनं त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं, पण मेंदू फारसा बाजूला सारावा लागत नाही. ऐकणं वाचण्याजोगं असेल तर वाट वेगळी निवडतात.

आता शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या डोळ्याजवळ आणि ओठाशी बारीक सुया टोचलेल्या असतात. हत्यारानं चेहऱ्याची नस डिवचली की स्पीकर खरखरतो आणि सर्जनचा हात थांबतो.

लहान गाठीवर पुष्कळदा नुसती नजर ठेवतात किंवा गॅमा नाईफ नावाच्या यंत्रानं किरण देतात. मोठी गाठ मात्र कापावीच लागते. नस फारच चिकटलेली असेल, तर बरेच सर्जन तिच्यावरचा पातळ थर मुद्दाम सोडतात आणि पुढची काही वर्षं एमआरआय करत राहतात. कुशिंगला हे पटलं असतं.